आठवड्याला ९ लेक्चर, नवऱ्याच्या फिरत्या शिफ्ट आणि पावणेदोन वर्षांची लेक. पाळणाघराचं कसं बसवायचं?

तासिकावाली_वारजे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही म्हणून लिहिते.

मी पुण्यात वारज्याला राहते, एका सीनियर कॉलेजमध्ये इकॉनॉमिक्स शिकवते, तासिका तत्त्वावर म्हणजे सीएचबी. आठवड्याला ९ तास, तासाला ९०० रुपये, कॉलेजला सुट्टी पडली की तो तास गेला आणि मानधन महिन्याच्या महिन्याला येत नाही, तीन-चार महिन्यांचं साचून एकदम येतं. लेक पावणेदोन वर्षांची आहे. आत्तापर्यंत माझी आई सोलापूरहून येऊन राहिली होती म्हणून निभावलं, पण बाबांना आता एकटं ठेवता येत नाही त्यामुळे ती परत गेली. सासूबाई फलटणला असतात, घरी दोन गाई आहेत, शेत आहे, त्यांना येऊन राहा म्हणणं मलाच पटत नाही.

या सेमिस्टरचं टाइमटेबल असं आहे: सोम-बुध-शुक्र सकाळी ७.३० ते ९.३०, मंगळवारी दुपारी १२.३० ते २.३०, आणि शनिवारी ९ वाजता एकच तास. एनईपी म्हणजे नवीन शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून विषयांची जुळवाजुळव इतकी चाललीय की पुढच्या सेमिस्टरला हेच राहील असं कोणीच सांगू शकत नाही.

नवरा चाकणला कंपनीत आहे, शिफ्ट दर आठवड्याला फिरते. फर्स्ट शिफ्ट असली की सव्वापाचला कंपनीची बस पकडतो, सेकंड असली की दुपारी निघतो ते मध्यरात्रीनंतर येतो, आणि थर्ड असली की सकाळी आठच्या पुढे घरी येऊन झोपतो. म्हणजे सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी तो घरीच असतो पण बाकी दोन आठवडे काही उपाय नाही.

जवळपासच्या पाळणाघरांत जाऊन आले. सगळे म्हणतात सकाळी साडेआठच्या आधी घेत नाही, शनिवारी बंद, आणि तुम्ही तीन दिवस पाठवा नाहीतर पाच दिवस, फी पूर्ण महिन्याची. एकीने अर्ध्या दिवसाचे साडेचार हजार सांगितले, दुसरीकडे पूर्ण दिवसाचे साडेसहा. मला आठवड्याला फक्त ९ तास शिकवायचंय, आणि त्यासाठी महिनाभराची फी भरायची, तीही पाच तारखेच्या आत, जेव्हा माझे पैसे कधी येतील याचा पत्ता नाही. तासावर मूल ठेवणारं कोणी आहे का? की घरी येणाऱ्या मावशी बघू? नोकरी सोडायची नाहीये, प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा पास झालेय, पीएचडी चालू आहे, आज ना उद्या भरती निघाली तर हाच अनुभव कामाला येणार आहे. ज्यांनी पार्ट टाइम करता करता लहान मूल सांभाळलंय त्यांनी प्लीज सांगा तुम्ही नेमकं काय केलंत.

---

अंगणातली_जाई

ताई, मी डोंबिवलीला, एका लॅबमध्ये सकाळची सॅम्पल कलेक्शनची ड्यूटी, ७ ते १२. माझंही तेच झालं होतं, एवढ्या सकाळी कुठलंच पाळणाघर उघडत नाही. मी घरी मावशी ठेवल्या. साडेसहाला येतात, मी आले की जातात. सांगायचं एवढंच की मावशीही तासावर मिळत नाहीत, त्यांचंही घर महिन्याच्या पगारावर चालतं, तुमची सुट्टी म्हणून त्यांचे पैसे कापले तर पुढच्या महिन्यात त्या दुसरीकडे जाणार आणि बरोबरच आहे त्यांचं. कामाला बाया पुरवणाऱ्या ब्युरोकडून घेतलीत तर ब्युरो वरून कमिशन घेतं, त्यापेक्षा सोसायटीतल्या कामवाल्या ताईंना विचारा, त्यांच्या ओळखीतली बाई जास्त टिकते. आणि आधी तुम्ही घरात असताना तिला आठ-दहा दिवस येऊ द्या, तुमच्यादेखत मुलीने तिच्या हातून वरणभात खाल्ला, तिच्या मांडीवर झोपली, की मग निघा. कॅमेरा लावणार असाल तर तिला स्पष्ट सांगून लावा. आमच्या मावशींना मी सांगितलं तर त्या म्हणाल्या लाव बाई, म्हणजे उद्या पोरगी पडली-झडली तर माझ्यावर आळ नको.

एक गोष्ट मात्र अवघड जाते, मावशी आजारी पडल्या की त्या दिवशी काहीच नाही. पाळणाघरात एक ताई नसली तर दुसरी असते.

---

काकू_कर्वेनगर

मी पाळणाघर चालवते, कर्वेनगरला, स्वतःच्या फ्लॅटमध्ये. तुमच्यापासून फार लांब नाही म्हणून सविस्तर लिहिते, आमची बाजूही कळू दे.

तासावर मूल का घेत नाही ते आधी सांगते. माझ्याकडे दोन ताई आहेत, त्यांचा पगार मूल आलं काय नाही आलं काय तेवढाच. तुमच्या मुलीची जागा मी धरून ठेवली की ती दुसऱ्याला देता येत नाही. पण खरं कारण पैसा नाही. पावणेदोन वर्षांचं मूल सोमवारी आलं, मंगळवारी नाही, बुधवारी आलं, मग एक आठवडा बाबा घरी म्हणून आलंच नाही, असं झालं ना तर ते मूल रुळतच नाही. दर वेळी दारात पहिल्या दिवसासारखं रडतं. रोज येणारं मूल साधारण दोन-तीन आठवड्यांत चप्पल काढून आपली आपण आत पळतं. मी आईला हेच सांगते, तास कमी ठेव पण रोज पाठव.

दुसरं, तुमचा मंगळवार. १२.३० चं लेक्चर म्हणजे तुम्ही तिला पावणेबारा-बाराला सोडणार. ती आमच्याकडे जेवणाची वेळ, ताट-वाट्यांची धांदल असते, एक ताई भरवतेय, दुसरी हात-तोंड धुतेय, आणि लगेच साडेबाराला अंथरुणं घालून सगळी झोपतात. त्या वेळी आईला सोडून आलेलं मूल रडायला लागलं की सगळी उठतात. शहाण्या पाळणाघरवाल्या बारानंतर नवीन मूल घेत नाहीत. तुम्हाला तिला मंगळवारीही सकाळीच सोडावं लागेल, दहाला सोडा, ती खेळेल, जेवेल, झोपेल, तीनला उठल्यावर न्या. तुम्हाला मधले दोन तास पेपर तपासायला आणि पीएचडीच्या वाचनाला मिळतील, ते तुम्ही हिशोबात धरलेच नाहीत बघा. शिकवायचे ९ तास म्हणता, पण जायचं-यायचं, तयारी, असाइनमेंट, इंटर्नलचे मार्क भरणं हे कुठे करता, रात्री ती झोपल्यावर ना?

साडेसातचं बोलायचं तर विचारून बघायला हरकत नाही. माझ्याकडे एका नर्सचं मूल पावणेसातला येतं, मी तशीही उठलेलीच असते, ते माझ्याजवळ स्वयंपाकघरात बसतं. पण हे मी पहिल्या दिवशी कबूल केलं नव्हतं. मूल चार महिने येत होतं, आई वेळेची पक्की, फी वेळेवर, मग मी हो म्हणाले. घरगुती पाळणाघर असेल तिथे असं होतं, मोठ्या प्रीस्कूलच्या डे-केअरला मॅनेजर असतो, तो नियमाबाहेर जात नाही.

आणि जिथे ठेवाल तिथे चार गोष्टी बघून घ्या. संडास-बाथरूमचं दार मुलांना आतून कडी लावता येणार नाही असं आहे का, खिडकीला आणि गॅलरीला जाळी आहे का, किती मुलांमागे किती बायका, आणि न्यायला कोण येणार याची वही ठेवतात का. माझ्याकडे वहीत फोटो आणि नंबर असल्याशिवाय मी सख्ख्या काकाच्याही हातात मूल देत नाही, लोक चिडतात, चिडू देत.

---

चाकण_बसस्टॉप

मी पण चाकणलाच, फिरती शिफ्ट. तुमच्या मिस्टरांच्या बाजूने नाही, त्यांच्या शिफ्टच्या बाजूने बोलतो.

थर्ड शिफ्ट करून आलेल्या माणसाच्या भरवशावर लहान मूल ठेवू नका. मी ठेवून घ्यायचो, बायको ऑफिसला गेली की आठला मी घरी, मुलगा माझ्याजवळ. मला वाटायचं मी जागा आहे. सोफ्यावर बसल्या बसल्या डोळा लागतो आणि कळत पण नाही. त्या आठवड्यात मी घरी नाहीच असं समजून प्लॅन करा.

सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मात्र सकाळ पूर्ण त्यांची. आणि काकू म्हणतात तसं रोज पाठवायचं असेल तर त्या आठवड्यात पाळणाघरात सोडायचं काम त्यांचं, साडेआठला. सोडणारा बदलला तरी जाणं रोजचं राहतं. फर्स्ट शिफ्टला ते साडेचारपर्यंत घरी येत असतील तर संध्याकाळ त्यांची, तुम्ही तेव्हा पीएचडीचं करा, पोरीला घेऊन खाली बागेत जातील ते.

अजून एक, त्यांनी सुपरवायझरला शिफ्ट अदलाबदलीबद्दल विचारलंय का? आमच्या लाइनवर दोघांनी आपसात ठरवून दिलं की एक जण थर्ड जास्त करणार कारण त्याला अलाउन्स हवा होता, आणि मला सेकंड मिळाली. सगळीकडे चालेल असं नाही पण बाईने नोकरी सोडायचा विचार करायच्या आधी बाप्याने हे विचारायला काय हरकत आहे.

---

कायद्याचं_बोला

कायद्याच्या अंगाने थोडं. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, त्यात २६ आठवडे रजा आली हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच दुरुस्तीत ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय ठेवायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं हेही आहे. हीच तरतूद आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ६ महिने ते ६ वर्षांपर्यंतची मुलं धरलीत आणि तात्पुरत्या, रोजंदारी, कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही सोय द्या असं लिहिलंय. तेव्हा मिस्टरांच्या कंपनीच्या एचआरला एक मेल टाकाच. कंपनी स्वतः चालवत नसेल तरी बाहेरच्या पाळणाघराशी करार असू शकतो, काही कंपन्या फीचा काही भाग देतात.

अंगणवाडीचं कोणी सुचवेल म्हणून सांगतो, तिथे बसायला जाणारी मुलं ३ ते ६ वर्षांची, तीही काही तासच. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा पोषण आहार, वजन-उंची, लसीकरण एवढं मिळतं. केंद्राची 'पाळणा' म्हणून योजना आहे ज्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडतात, तुमच्या वॉर्डात असलं तर अंगणवाडी सेविकेला विचारलं की लगेच कळेल.

---

तासिकावाली_वारजे

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

@कायद्याचं_बोला दादा, चाकणला कंपनीत समजा सोय असली तरी वारज्यातून पावणेदोन वर्षांच्या मुलीला पहाटे सव्वापाचच्या बसमध्ये कोण बसवणार. फीचं मात्र त्यांना विचारायला सांगितलंय, ते आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

@काकू, मंगळवारचं तुम्ही सांगितलंत ते एकदम पटलं. मी नुसती १२.३० ते २.३० अशी चौकट बघत होते. पण मग रोज पाठवायचं म्हणजे साडेचार हजार अर्ध्या दिवसाचे, आणि सोम-बुध-शुक्र साडेसात ते साडेआठचा एक तास अजून उरतोच ना. आणि ताप आला की? पाळणाघरात ताप आलेलं मूल घेत नाहीत आणि सीएचबीला रजा हा प्रकारच नाही, नाही गेले की तासाचे पैसे गेले आणि वर विभागप्रमुखांचा चेहरा बघायचा.

---

गोदाकाठ_नाशिक

ताई मी फिजिओथेरपिस्ट, दुपारी चार ते आठ क्लिनिक. माझी मैत्रीण सकाळी संगीताचे क्लास घेते. आमची मुलं एका वयाची, एकाच गल्लीत राहतो. सकाळी तिचा मुलगा माझ्याकडे, संध्याकाळी माझी मुलगी तिच्याकडे, पैसे कुणीच कुणाला देत नाही. छान चाललंय पण दोन गोष्टी पहिल्याच दिवशी बोलून घेतल्या, एक म्हणजे खाणं ज्याचं त्याने डब्यात द्यायचं, आणि दुसरं म्हणजे मारायचं नाही आणि मोबाइल द्यायचा नाही, दोघींच्याही घरात. हे न बोलता सुरू केलं की मैत्री जाते.

तुमचा सकाळचा फक्त एकच तास अडतोय ना, तर पूर्ण आठवड्याची बाई शोधण्यापेक्षा तुमच्या बिल्डिंगमध्ये अशी कोणी बघा जिला संध्याकाळी एखादा तास हवाय. तुम्ही इकॉनॉमिक्स शिकवता, कोणाची मुलगी बारावी कॉमर्सला असेलच की.

आणि तापाचं. दोन्हीकडे एकदम मुलं आजारी पडतात हा या पद्धतीचा तोटाच आहे, हात-पाय-तोंडावर पुरळ येतो तो आजार आला तेव्हा दोघींची पोरं एकदमच घरी होती. त्यासाठी आम्ही एक तिसरं माणूस ठेवलंय, माझी मावससासू, तिला वर्षात मोजक्या वेळा फोन जातो पण ती आहे हे माहीत असतं.

---

अंगणातली_जाई

+१ तिसऱ्या माणसाला. आणि सासूबाईंना कायमचं येऊन राहा म्हणू नका हे बरोबरच, पण ताप आला तर दोन दिवस याल का एवढं विचारून ठेवा. फलटणहून सकाळच्या एसटीने दुपारपर्यंत येऊ शकतील. गाईंचं शेजारी दोन दिवस कोणीही करतं, दोन महिने करत नाही.

---

जुनी_सीएचबी

मी पण सीएचबीच, आता मुलगा शाळेत जातो. या धाग्यावर सगळे पाळणाघर कसं बदलायचं ते सांगतायत, मी टाइमटेबलबद्दल सांगते.

सीएचबीवाले आपण टाइमटेबल कमिटीकडे कधी जातच नाही, वाटतं आपलं कोण ऐकणार. पण टाइमटेबल एक माणूस बसून करतो, आणि कायमवाल्यांचे तास टाकून झाल्यावर उरलेल्या फटींमध्ये आपल्याला टाकतो. सेमिस्टर संपायच्या आधी, म्हणजे परीक्षा चालू असतानाच त्या माणसाला भेटायचं. तक्रार करायची नाही, कागद द्यायचा. मी लिहून दिलं होतं की सोमवार ते गुरुवार ९ ते १२ या वेळात कुठलेही तास चालतील, सलग तीन दिले तरी चालतील, कुठलाही वर्ग द्या. त्यांचं काम सोपं झालं, त्यांनी दिलं. तुमचा शनिवारचा एक तास तर कुणाबरोबर तरी बदलून मिळेल, ज्याला शनिवारी दोन तास आहेत त्याला तिसरा चालतो कारण तो तसाही आलेला असतो. हे आत्ता चालू सेमिस्टरमध्येही होऊ शकतं, विभागप्रमुखांची सही लागते फक्त.

तुम्ही आता तासांच्या मापाचं पाळणाघर शोधताय, असं पाळणाघर पुण्यात तरी मला मिळालं नाही. तुम्ही पाळणाघराची वेळ आधी पक्की करा आणि कॉलेजला सांगा की मी या वेळात आहे. आपल्याला नोकरीची शाश्वती नाही म्हणून आपण सगळ्याला हो म्हणत राहतो, आणि बाळाचं सगळं वेळापत्रक त्या हो मागे फरफटतं. मला याचा फार त्रास व्हायचा. ९०० रुपयांच्या तासासाठी शनिवारी अख्खं घर हलवायचं हे बरोबर नाही आणि तसं सांगण्यात काही गैर नाही.

पैशाचं, मानधन आलं की मी आधी पुढच्या चार महिन्यांची पाळणाघराची फी वेगळ्या खात्यात टाकायचे. काही पाळणाघरवाल्या तीन महिन्यांची एकदम दिली तर थोडं कमी करतात.

---

काकू_कर्वेनगर

जुनी_सीएचबी ताईंचं अगदी बरोबर. आमच्याकडे मूल दहा ते तीन आलं तर आम्हालाही बरं पडतं.

तापाबद्दल सांगते. ताप असलेलं मूल घेत नाही ते बाकीच्या मुलांसाठी. पण येताना बरी होती आणि मध्येच अंग गरम लागलं तर आम्ही फोन करतो, तोपर्यंत बाजूला झोपवतो, कपडे सैल करतो, पाणी पाजतो. औषध आम्ही मनाने देत नाही. तुमच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचा डोस लिहून घ्या, तो कागद आणि बाटली पाळणाघरात ठेवा, म्हणजे तुम्ही वर्गात असताना फोन उचलला नाहीत तरी अडत नाही. मोबाइल सायलेंटवर असेल तर कॉलेजच्या ऑफिसचा नंबर द्या, शिपाईमामांना सांगून ठेवा.

बाकी सुरुवातीला तिच्याबरोबर घरातलं एखादं अंथरूण द्या, तुमच्या आईच्या साडीची गोधडी असेल तर उत्तम. ती धुवून पाठवू नका.

---

तासिकावाली_वारजे

अपडेट देते. जुनी_सीएचबी ताई, तुमचं वाचून विभागप्रमुखांना भेटले. शनिवारचा तास एका सरांनी घेतला आणि त्यांचा बुधवारचा ९.३० चा मला दिला, एवढं पाच मिनिटांत झालं. सकाळचे ७.३० चे या सेमिस्टरला हलणार नाहीत म्हणाले, पण पुढच्यासाठी मी सोम ते शुक्र ९.३० ते १ असं लिहून दिलंय.

सकाळचा तास, वरच्या मजल्यावरच्या आजी घेतायत. त्यांची नात अकरावी कॉमर्सला आहे, तिला शनिवारी सकाळी इकॉनॉमिक्स शिकवणार. साडेआठला आजोबा फिरायला निघतात तेव्हा मुलीला पाळणाघरात सोडतील, तसं वहीत त्यांचं नाव आणि फोटो दिलाय. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात हे सोडतील. सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या तापाला येईन, त्यात विचारायचं काय.

पाळणाघर अर्ध्या दिवसाचं घेतलं, रोज साडेआठ ते एक, मंगळवारी तीनपर्यंत, त्याचे वरचे दोनशे. या सोमवारपासून. पहिल्या आठवड्यात मी तिथेच बसणार आहे तास-दीड तास, त्यांनी हो म्हटलंय.

@काकू एकच विचारायचं होतं, मे महिन्यात मला मानधन नसतं आणि मी तिला घेऊन सोलापूरला जाणार. तेव्हाही फी पूर्ण द्यावी लागेल का?

---

काकू_कर्वेनगर

माझ्याकडे महिनाभर मूल येणार नसेल तर जागा धरायची अर्धी फी घेते, जेवणाचे पैसे घेत नाही. पण हे आत्ताच, ॲडमिशनच्या वेळी बोलून कागदावर घ्या, एप्रिलमध्ये विचारलंत तर त्या बाईही अडचणीत येतील. दिवाळीच्या सुट्टीचंही त्यातच लिहून घ्या.